बर्लिनमध्ये पत्रं हाती पडत नव्हती: माझा अनुभव

राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, १४ दिवसांच्या मुदतीत केली होती. तरी पाच आठवडे बँकेचं कार्ड नाही, विम्याचं कार्ड नाही, ११ अंकी कर क्रमांकही नाही. तो नसला तर पार्ट-टाइम पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो, त्यामुळे जीव टांगणीला लागला होता.

बँकेला दोनदा फोन केला, कार्ड पुन्हा मागवलं, पत्त्यात मजला आणि खोली क्रमांक लिहून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

कारण खाली जिन्याजवळ होतं. जर्मनीत फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो. मी पोटभाडेकरू, पेटीवर फक्त मूळ भाडेकरूचं नाव. माझी पत्रं परत जात होती.

मी हे याच क्रमाने केलं. आधी मूळ भाडेकरूला विचारून पासपोर्टवरचं आडनाव ठळक अक्षरांत पेटीवर आणि बाहेरच्या बेलवर लावलं. पेटी पुसून घेतली, कागदावर पारदर्शक चिकटपट्टी लावली, नाहीतर पहिल्याच पावसात शाई पसरते. मग बँक आणि विम्याकडचा पत्ता बदलला: पहिल्या ओळीत माझं नाव, दुसरीत 'सी/ओ' (c/o, म्हणजे 'यांच्याकडे') आणि मूळ भाडेकरूचं नाव, तिसरीत रस्ता व घर क्रमांक, चौथीत पोस्टकोड व शहर. त्यानंतरच कार्डं पुन्हा मागवली. शेवटी केंद्रीय कर कार्यालयाच्या वेबसाइटवर क्रमांकासाठी फॉर्म भरला. तो क्रमांक ईमेलने किंवा फोनवर देत नाहीत, पोस्टानेच येतो. म्हणून पेटीवरची पाटी आधी.

चौथ्या दिवशी पेटीत बँकेचं पाकीट होतं.