‘नॉर्मल’ लिहिण्याआधी: फिट येणाऱ्या मुलाचा एमआरआय कसा बघावा

जतहून आई मुलाला घेऊन मिरजेला आली. पोरगं सात वर्षांचं, झोपेत डावा हात ताठ व्हायचा. पिशवीत तीन रिपोर्ट, तिन्ही ‘नॉर्मल’. मी रेडिओलॉजिस्ट; त्यातला एक माझ्याच सहीचा. तेव्हापासून स्क्रीनसमोर बसण्याआधी मी आईला विचारते, फिट सुरू कुठून होते? डावा हात मेंदूची उजवी बाजू चालवते, म्हणून डावा हात म्हटलं की मी उजवी बाजू आधी उघडते.

टेक्निशियनला सांगून ठेवा, 5 मिलिमीटरच्या स्लाइस (मेंदूच्या चित्राचे काप) इथं चालत नाहीत. सिक्वेन्स, म्हणजे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार, असे घ्या: थ्रीडी टी-1 आणि थ्रीडी फ्लेअर, 1 मिलिमीटरच्या, मध्ये गॅप न ठेवता. जोडीला कोरोनल (समोरून दिसणारे उभे काप) टी-2. मूल हललं तर सिक्वेन्स पुन्हा घ्या, नाहीतर मेंदूचा बाहेरचा करडा थर आणि आतला पांढरा भाग यांची सीमा उगाच पुसट दिसते.

मग मेंदूच्या पृष्ठभागावरची एकेक खाच तळापर्यंत उतरून बघा. लहान डिस्प्लेसिया, म्हणजे चुकीचा घडलेला तुकडा, बऱ्याचदा तिथंच दडतो: कॉर्टेक्स (तो करडा थर) जाडसर, सीमा पुसट, आणि फ्लेअरवर एक पांढरी शेपटी निमुळती होत व्हेंट्रिकलकडे (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीकडे) गेलेली. या पोराच्या उजव्या फ्रंटल (पुढच्या) भागात ती होती, जुन्या स्कॅनच्या दोन स्लाइसच्या मधल्या जागेत हरवलेली. तिन्ही दिशांनी दिसली तरच खरी माना.

व्हेंट्रिकलच्या कडेला गाठी दिसल्या तर प्रत्येक सिक्वेन्सवर त्यांचा रंग कॉर्टेक्सशी ताडा. सगळीकडे जुळला तर हेटरोटोपिया, म्हणजे चुकीच्या जागी राहिलेला करडा भाग. ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारातल्या गाठी तशा जुळत नाहीत, त्यांच्यात कॅल्शियम साठतं. मेंदूत फट असेल तर तिची भिंत बघा: करड्या थराची असेल तर स्किझेनसेफली. मेंदूच्या बाजूच्या मोठ्या सिल्व्हियन खाचेभोवती बारीक चुण्या दिसल्या तर पॉलिमायक्रोगायरिया. दुसरी बाजूही तपासा. खाचा जवळजवळ नसलेला गुळगुळीत मेंदू मात्र लपत नाही.

सहा महिने ते दीड वर्षाच्या बाळात मायलिन (मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण) अर्धवट असतं, करडं-पांढरं वेगळं ओळखू येत नाही. असा स्कॅन स्वच्छ दिसला तरी अडीच वर्षांनंतर पुन्हा काढायला लिहा. काही सापडलं नाही तर कोणत्या सिक्वेन्सवर, किती जाडीच्या स्लाइसवर बघितलं ते लिहा, आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) हातात आल्यावर तोच स्कॅन परत उघडा.

रिपोर्ट देताना पाच मिनिटं राखून ठेवा. त्या आईनं विचारलं, ‘‘मॅडम, ग्रहणात भाजी चिरली होती मी, त्यानं झालं का हे?’’ मी तिला शेजारी बसवलं, स्क्रीनवर ती शेपटी दाखवली. ‘‘नाही ताई. पोटात मेंदू घडतानाच काही पेशी चुकल्या. तुमच्या हातून काहीच झालं नाही.’’