हवाई दलाच्या औषध भांडारात जायचंय? कोल्हापूरच्या मुलांसाठी वाट

हवाई दलात ‘मेडिकल लॉजिस्टिक्स’ नावाची वेगळी भरती निघत नाही. जाहिरातीत ते नाव शोधत बसलात तर वर्ष वाया जाईल. औषधांचा साठा सांभाळणं हे वैद्यकीय विभागाचं काम. लॉजिस्टिक्स शाखेचा अधिकारी मुख्यतः सुटे भाग, इंधन, कपडे, रेशन बघतो. त्या शाखेसाठी 60 टक्क्यांची पदवी आणि एएफकॅट (हवाई दलाची अधिकारी प्रवेश परीक्षा) लागते. औषधांतच रस असेल तर दार एकच, एअरमनच्या ग्रुप वायमधलं मेडिकल असिस्टंट हे पद. ही मुलांसाठीची नियमित भरती आहे. अग्निवीरवायूच्या जाहिरातीशी तिची गल्लत करू नका.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. एकूण 50 टक्के, आणि इंग्रजीत वेगळे 50. अनेकजण इथंच अडकतात: एकूण 70 टक्के, पण इंग्रजीत 47. बारावीवाल्यांना वयाची अट साधारण 21 पर्यंत, फार्मसीवाल्यांना 24 पर्यंत. जन्मतारखेची नेमकी मर्यादा प्रत्येक जाहिरातीत बघा. आमच्या मते डी.फार्म. (फार्मसीची पदविका) करून गेलेलं बरं. तीन वर्षं जास्त मिळतात आणि साठ्याचं काम आधीच कळतं. मात्र त्यातही 50 टक्के आणि फार्मसी परिषदेची चालू नोंदणी लागते. नोंदणीसाठी लागणारं सगळं पूर्ण झालं की लगेच अर्ज टाका. दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. डोमिसाईल आधीच काढून ठेवा.

धावणं 1.6 किलोमीटर, 7 मिनिटांत, फार्मसीवाल्यांना साडेसात. 400 मीटरच्या ट्रॅकवर हे चार फेरे होतात. एक फेरा 1 मिनिट 40 सेकंदांत बसवा, म्हणजे 6:40 ला संपेल आणि गर्दीत अडकलात तरी भागेल. रंकाळ्याभोवती पळून दम वाढतो, वेग मात्र मोजता येत नाही. शिवाय 10 दंड, 10 सिट-अप्स, 20 बैठका. वैद्यकीय तपासणीआधी कानातला मळ डॉक्टरांकडून काढून घ्या. पिनेनं कोरू नका.

निवड झाली की पहिलं प्रशिक्षण बेळगावात, सांब्र्याला. म्हणजे घराजवळच.

प्रत्यक्ष कामात पहिला नियम: ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर. आधी आलेलं आधी, हा हिशोब इथं चालत नाही, कारण नंतर आलेल्या बॅचची मुदत कधीकधी आधी संपते. बहुतेक लसी 2 ते 8 अंशांत ठेवतात. लोकांना उष्णतेची भीती असते, पण धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीची लस गोठली की कायमची वाया जाते. म्हणून डीप फ्रीजरमधला आइस पॅक थेट लसींच्या पेटीत घालायचा नाही. बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मग भरा.

विमानात आणखी भानगडी. कोरड्या बर्फातून (ड्राय आइस) कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून त्याचं वजन आधी कळवावं लागतं आणि पेटी हवाबंद करायची नसते. उंचीवर हवा फुगते, त्यामुळे सीलबंद पिशव्या आणि हवा भरलेले कफ (हवेनं फुगणारे पट्टे किंवा फुगे) ताणतात. सामान बांधताना तेवढी मोकळीक ठेवा. ऑक्सिजन सिलिंडर तर धोकादायक मालाच्या कागदांशिवाय चढतच नाही.

डी.फार्म.चं 500 तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण करायचंच असतं. ते दुकानाच्या काउंटरवर घालवू नका. मोठ्या दवाखान्यात करा आणि काही आठवडे स्टोअरला द्या, अशी विनंती करा: बॅच नंबर, स्टॉक रजिस्टर, दिवसातून दोनदा तापमानाची नोंद.