चेंजअप टाकताना या चुका टाळा

बेसबॉलमध्ये चेंजअप म्हणजे नुसता हळू टाकलेला बॉल असं बरेच जण धरून चालतात. घोटाळा तिथूनच सुरू होतो. हातातून सुटेपर्यंत हा बॉल हुबेहूब फास्टबॉल (पूर्ण वेगानं टाकलेला बॉल) वाटायला हवा आणि प्लेटवर (बॅटरजवळच्या पाटीवर) मात्र त्यापेक्षा ताशी 13 ते 19 किलोमीटर कमी वेगानं यायला हवा. फास्टबॉल 150 चा आणि चेंजअप 135 चा असेल, तर पोचायला साधारण 0.04 सेकंद जास्त लागतात. तेवढ्यात बॅट फिरून गेलेली असते. कर्व्हबॉलही हळू येतो, पण तो टॉपस्पिननं खाली वळतो. त्याला चेंजअप म्हणत नाहीत.

हात हळू फिरवणं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. हात मंदावला की पिचर (बॉल टाकणारा) माउंडवर, म्हणजे टाकायच्या उंचवट्यावर असतानाच बॅटर चेंजअप ओळखतो. वेग कमी करायचं काम पकडीचं आहे, हाताचं नाही. क्रिकेटमधल्या चांगल्या स्लोअर बॉलचंही तंत्र हेच.

चुकीची पकड. सर्कल चेंज या चेंजअपच्या पकडीत अंगठा आणि तर्जनी बॉलच्या कडेला गोल जुळवतात, मधलं बोट आणि अनामिका वर शिवणीवर, करंगळी दुसऱ्या बाजूला. फास्टबॉलला शेवटचा धक्का तर्जनी आणि मधलं बोट देतात. इथे तर्जनी बाजूला काढलेली असते आणि बॉल हातात खोल बसतो, म्हणून वेग आपोआप उतरतो. बॉल आवळू मात्र नका. मनगट ताठ झालं की बॉल जमिनीत आपटतो किंवा छातीपर्यंत वर राहतो, आणि वर राहिलेला चेंजअप हमखास मार खातो. मुलांचा हात लहान असेल, तर तीन बोटं वर ठेवलेली साधी पकड द्या.

मनगट मुद्दाम पिळणं. बॉल सुटल्यावर उजव्या हाताच्या पिचरचा अंगठा खाली वळतो, तो ओघात वळू द्या. असा बॉल डावखुऱ्या बॅटरपासून दूर आणि खाली जातो. म्हणूनच विरुद्ध हाताच्या बॅटरला तो जास्त टाकला जातो.

ग्लोव्हमध्ये बोटं शोधणं. ग्लोव्ह फुगला, मनगट हललं की समोरचे सावध होतात. दर वेळी आधी चेंजअपचीच पकड घ्या. तिथून फास्टबॉलवर जाणं सोपं असतं.

चुकीच्या बॅटरला टाकणं. ज्याची बॅट फास्टबॉलला उशिरा पोचतेय, त्याला चेंजअप देणं म्हणजे मदतच. जो घाईनं फिरवतोय, त्याच्यासाठी तो ठेवा.

सॅन डिएगो पाद्रेस या अमेरिकी संघाच्या ट्रेव्हर हॉफमन या पिचरनं खांद्याच्या दुखापतीनंतर फास्टबॉलचा वेग घसरला, तरी मुख्यतः चेंजअपच्या जोरावर कारकिर्दीत 601 सेव्ह (संघाची थोडीशी आघाडी शेवटपर्यंत टिकवून जिंकून दिलेले सामने) केले.

सरावात माउंडपासून प्लेटपर्यंतच्या 18.44 मीटरवरून एक फास्टबॉल, एक चेंजअप असं आलटून पालटून टाका आणि मोबाइलनं बाजूनं चित्रण करा. वेगातला फरक 8 किलोमीटरच्या आत असेल, तर बॉल तळहाताकडे आणखी सरकवा. 25 च्या वर गेला, तर चित्रणात आधी हाताचा वेग तपासा.