जुनं डच पुस्तक हातात आलं तर

आधी माझी फजिती सांगते. शीर्षकपानावर लॅटिनमध्ये 'लुग्दुनी' वाचलं, डच शहर लायडेन समजून पैसे मोजले. घरी आल्यावर कळलं, पुस्तक फ्रान्समधल्या लियाँचं. लायडेन असेल तर पुढे 'बातावोरुम' हवंच.

मग रोमन अंकांतलं साल बघा. उलटा सी दिसला की गोंधळू नका. सी, आय, उलटा सी म्हणजे १०००. आय आणि उलटा सी म्हणजे ५००. त्यापुढे सी, म्हणजे आणखी १००. झाले १६००.

एल्म वृक्षाला बिलगलेली द्राक्षवेल, शेजारी म्हातारा आणि 'नॉन सोलुस', म्हणजे 'एकटा नाही', ही लायडेनच्या एल्झेव्हिर घराण्याची खूण. (आजची एल्सेव्हिअर कंपनी त्यांची वंशज नव्हे. तिने १८८० मध्ये नुसतं नाव आणि खूण उचलली!) 'कलोन, पिएर मार्तो' असेल तर गालात हसा. असा प्रकाशक कधी नव्हताच. बोचरी पुस्तकं छापणाऱ्यांनी, त्यात डचही आले, पांघरलेला तो बुरखा.

आता पान उजेडासमोर धरा. कागदात दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर फिकट रेघा दिसतील. खिशात मावणारं पुस्तक आणि रेघा आडव्या, तर बहुधा एका तावाची बारा पानं केलेली.

शेवटी डच राष्ट्रीय ग्रंथालयाची १८०० पर्यंतच्या छापील पुस्तकांची सूची ऑनलाइन उघडा. तिथे पानाच्या तळाचं ए२, बी३ असं चिन्ह (बांधताना तावांचा क्रम कळावा म्हणून छापलेलं) वरच्या ओळीतल्या नेमक्या कोणत्या अक्षरांखाली येतं, तेही नोंदवलंय. दुसऱ्या छपाईसाठी खिळे नव्याने जुळवले की ते बहुधा सरकतं, म्हणून आपली प्रत कोणत्या छपाईची ते ताडता येतं. मी भिंग आणि पट्टी घेऊनच बसते.