२३ फेब्रुवारीची लढाई खरंच झाली होती का, हे स्वतः कसं तपासायचं

रशियात २३ फेब्रुवारीला सुट्टी असते, पितृभूमी रक्षक दिन म्हणतात त्याला, आणि सोव्हिएत काळात हाच दिवस लाल सेनेचा, म्हणजे लेनिनच्या बोल्शेविक (कम्युनिस्ट) सरकारच्या सैन्याचा, वाढदिवस म्हणून साजरा व्हायचा. का, असं विचारलं तर वर्षानुवर्षं एकच उत्तर मिळत आलंय, की १९१८ साली याच दिवशी, पहिलं महायुद्ध चालू असताना, नव्याकोऱ्या लाल सेनेने पस्कोव आणि नार्वा या शहरांजवळ जर्मन सैन्याला धूळ चारली. आता हे खरं की खोटं, हे कुणाच्या तरी शब्दावर सोडू नका, तुम्ही स्वतः तपासू शकता. त्यासाठी इतिहासाची डिग्री लागत नाही, एक कॅलेंडर, एक नकाशा आणि थोडा पेशन्स एवढं पुरतं.

सगळ्यात आधी कॅलेंडर नीट लावून घ्या, कारण बहुतेक लोक इथेच घसरतात. रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर चालू होतं, आपल्या नेहमीच्या कॅलेंडरपेक्षा १३ दिवस मागे, आणि १९१८ मध्ये ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडली. लाल सेना उभी करायची डिक्री, म्हणजे सरकारी फर्मान, निघाली जुन्या हिशोबाने १५ जानेवारीला, म्हणजे नव्या हिशोबाने २८ जानेवारीला. म्हणून दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या तर गोंधळू नका, डिक्री एकच आहे. पण दोन्हीपैकी कुठलीही तारीख घ्या, २३ फेब्रुवारी काही येत नाही. म्हणजे सेनेच्या स्थापनेचा कागद हे कारण इथेच बाद झालं.

आता त्याच आठवड्यातल्या गोष्टी बघा, आणि फक्त त्याच आठवड्यातल्या, नंतर कुणी काय लिहिलं ते तूर्त बाजूला ठेवा. १८ फेब्रुवारीला जर्मन सैन्य पुढे सरकायला लागलं आणि फारसा विरोध न होता सरकतच राहिलं. २१ तारखेला 'समाजवादी पितृभूमी संकटात आहे' अशी डिक्री निघाली. २३ ला तहासाठी जर्मनीच्या नव्या, आणखी कडक अटी हातात पडल्या आणि त्याच दिवशी बोल्शेविक पक्षाच्या केंद्रीय समितीत मतदान झालं: अटी मान्य करा म्हणणारे ७, नको म्हणणारे ४, तटस्थ ४. मान्य केल्या नाहीत तर मी पदं सोडतो असं लेनिनने बजावलं होतं. जर्मनांचा धुव्वा उडवलेल्या दिवशी असली मीटिंग कशाला लागली असती? आणि २५ फेब्रुवारीला लेनिनचाच लेख छापून आला, त्यात तो लिहितो की रेजिमेंट जागा धरून ठेवायला तयार नाहीत, नार्वाची फळीसुद्धा लढवायला नकार दिला जातोय. सरकारचा प्रमुख त्याच आठवड्यात हे लिहितोय, यापेक्षा जवळचा साक्षीदार मिळणं अवघड.

नकाशा उघडा. मला स्वतःला ही स्टेप सगळ्यात पटली, कारण यात कुणाच्या मताचा संबंधच येत नाही. एस्टोनियाचा उत्तर किनारा बघा, पश्चिमेला टॅलिन, आणि तिथून पूर्वेला साधारण २०० किलोमीटरवर नार्वा. जर्मन सैन्य पश्चिमेकडून येत होतं आणि टॅलिन त्यांनी घेतलं २५ फेब्रुवारीला. मग २३ तारखेला नार्वाजवळ त्यांना हरवलं कुणी आणि कसं, ते अजून तिथे पोचलेच नव्हते ना! नार्वा पडलं मार्चच्या सुरुवातीला, आणि पस्कोव तर २३ नंतर एक-दोन दिवसांतच जर्मनांच्या हातात गेलं होतं. ३ मार्चला रशिया आणि जर्मनी यांच्यात ब्रेस्ट-लिटोव्स्कचा तह झाला. हे सगळं एका कागदावर तारखेनुसार एकाखाली एक लिहा, लढाईला जागाच उरत नाही हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

मग ही तारीख आली कुठून? यासाठी १९१९ मध्ये जायचं, म्हणजे पहिल्यांदा वाढदिवस साजरा झाला तेव्हा. निकोलाय पोद्वोइस्की नावाच्या अधिकाऱ्याने सेनेचा पहिला वाढदिवस २८ जानेवारीला करू असा प्रस्ताव दिला होता, बरोबर डिक्रीच्या तारखेला, पण कागद वर पोचेपर्यंत उशीर झाला आणि ती तारीख हातातून गेली. त्याच सुमाराला 'लाल भेट दिवस' ठरलेला होता, सैनिकांसाठी लोकांकडून भेटवस्तू गोळा करायचा, तारीख १७ फेब्रुवारी. म्हणून ठरलं की दोन्ही एकत्रच करून टाकू. आता १९१९ चं कॅलेंडर काढा आणि वार बघा, १७ फेब्रुवारीला सोमवार येतो, आणि कामाच्या दिवशी लोक जमणार कसे, म्हणून कार्यक्रम ढकलला पुढच्या रविवारवर. पुढचा रविवार म्हणजे २३. फेब्रुवारीच्या सुरुवातीला 'प्रावदा' या पक्षाच्या वर्तमानपत्रात तशी सूचना छापून आली, त्यात स्पष्ट म्हटलंय की २८ जानेवारीला येणारा वाढदिवस या दिवशी साजरा होईल, लढाईबिढाईचं नावही नाही. पुढची दोन वर्षं हा दिवस असा काही साजरा झालाच नाही, १९२२ पासून पुन्हा सुरू झाला.

यानंतरचं काम थोडं वेळखाऊ आहे पण सोडू नका. कुठल्या साली काय कारण सांगितलं गेलं ते क्रमाने लावा. १९२३ च्या सरकारी आदेशात म्हटलं गेलं की २८ जानेवारीची डिक्री २३ फेब्रुवारीला प्रसिद्ध झाली होती, तेही खोटं, पण लढाई अजून नाही. १९३३ मध्ये खुद्द संरक्षण खात्याचा प्रमुख वोरोशिलोव जाहीर भाषणात म्हणाला की ही तारीख योगायोगाने पडलीय, तिचं स्पष्टीकरण देणं अवघड आहे आणि ती ऐतिहासिक तारखांशी जुळत नाही. मग १९३८ च्या पक्षाच्या अधिकृत इतिहासात नार्वा आणि पस्कोवजवळ जर्मनांना निर्णायक टक्कर दिली असं येतं, आणि १९४२ मध्ये स्टालिनच्या ५५ नंबरच्या आदेशात त्याच टकरीचं रूपांतर जर्मनांच्या पूर्ण पराभवात होतं. १९४२ साली जर्मन सैन्य पुन्हा रशियात घुसलेलं होतं, लेनिनग्राडला वेढा पडलेला होता, त्यामुळे तेव्हा असं वाक्य का लिहिलं गेलं हे समजतं. पण समजलं म्हणून ते १९१८ चा पुरावा होत नाही, हा फरक डोक्यात पक्का ठेवा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, लढाई खोटी निघाली म्हणून सगळंच खोटं असं लिहून मोकळे होऊ नका, ती पण तेवढीच मोठी चूक. २३ फेब्रुवारी १९१८ ला पेट्रोग्राडमध्ये (म्हणजे नंतरचं लेनिनग्राड, आजचं सेंट पीटर्सबर्ग) सभा झाल्या, लोकांनी सेनेत नावं नोंदवली, पस्कोवच्या आसपास त्या दिवसांत छोट्या चकमकीही झाल्या. जे आपणहून पुढे आले त्यांचं धाडस खरंच होतं. म्हणून लिहिताना दोन वाक्यं वेगवेगळी लिहा, त्या दिवशी काय घडलं ते एक, आणि सुट्टीची तारीख कशी ठरली ते दुसरं, आणि त्यांच्यामध्ये 'म्हणून' हा शब्द टाकू नका.

शेवटी कायद्याचा मजकूर मिळवून बघा, तो दोन वेळचा हवा. १९९५ च्या रशियन कायद्यात या दिवसाचं वर्णन १९१८ मध्ये कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) सैन्यावर लाल सेनेने मिळवलेल्या विजयाचा दिवस असं होतं, २००२ पासून ती सार्वजनिक सुट्टी झाली, आणि २००६ मध्ये दुरुस्ती करून विजयाचा भाग काढून टाकला, राहिलं फक्त पितृभूमी रक्षक दिन हे नाव. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा, नेमके कुठले शब्द गेले ते लगेच दिसतं.