ट्रिपमधली एक सकाळ बागेला: जळगावात जमलात तर ग्रुपने श्रमदान कसं करायचं

आमचं अख्खं खानदान वर्षातून दोनदा जळगावात जमतं, आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) आणि दिवाळीला. पुण्याहून आम्ही, सुरतहून मोठे काका, कल्याणहून आत्या आणि तिची पोरं, सगळे मिळून सतरा-अठरा माणसं. मग तीन-चार दिवसांत अजिंठा, पाटणादेवी, जमलं तर सातपुड्यातलं पाल, आणि मध्ये एका सकाळी शहरातल्या एखाद्या बागेत दोन तास काम. चार वर्षं झाली चालूये हे. बऱ्याच जणांनी विचारलं की तुम्ही नक्की करता काय आणि परवानगी वगैरे कशी काढता, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी आमचा गाढवपणा सांगते म्हणजे तुमचा वाचेल. पहिल्या वर्षी आम्ही आखाजीला गेलो, नर्सरीतून पंचवीस रोपं आणली, बॅनर छापला, काकांच्या हस्ते पहिलं रोप, फोटो, स्टेटस, सगळं झालं. दिवाळीला परत जाऊन बघितलं तर तीन जिवंत. बागेचं नाव लिहीत नाही कारण चूक बागेची नव्हती, आमचीच होती. जळगावच्या मे महिन्यात ४४-४५ च्या उन्हात रोप लावायचं, आणि ते पण काळ्या मातीत, जी सुकली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कोवळी मुळं त्यात उघडी पडून तुटतात. वर पाणी कोण घालणार? माळी एकच, पाईप अर्ध्या बागेपर्यंतच पोचतो. म्हणजे आम्ही काय केलं तर त्या माणसाला पंचवीस लेकरं सांभाळायला देऊन पुण्याची गाडी पकडली.

तेव्हापासून आमच्या ग्रुपचा एकच कायदा आहे, पाहुणे म्हणून आलोय तर रोप लावायचं नाही. जी झाडं आधीच लावलेली आहेत आणि दोन-तीन वर्षांची होऊन कशीबशी तग धरून आहेत त्यांना जगवायचं काम करायचं. आळी करणं (म्हणजे पाणी थांबायला झाडाभोवती खोलगट गोल), निंदणी, पाला पसरणं, कचरा उचलणं, पाईप दुरुस्त करणं. फोटोत काही भारी दिसत नाही हे मान्य आहे.

आता सुरुवात कुठून करायची, तर बागेच्या माळ्यापासून, ऑफिसपासून नाही. घरातलं जे कोणी जळगावातच राहतं (आमच्याकडे धाकटे काका) त्याला पंधरा दिवस आधी संध्याकाळी बागेत पाठवायचं आणि माळीबाबांना एवढंच विचारायला लावायचं की आबा, आम्ही पंधरा-सोळा जण दोन तास आलो तर तुमचं कोणतं काम हलकं होईल. उत्तर कधीच तुम्ही घरी बसून ठरवलेलं नसतं. आम्हाला एका वर्षी वाटलं भिंतीवर चित्रं काढू, आबांनी सांगितलं चित्रं राहू द्या, त्या कोपऱ्यातलं गाजरगवत काढून द्या, पोरं तिथे खेळतात आणि अंगाला खाज सुटते.

मग परवानगी. मनपाची बाग असेल तर उद्यान विभागाच्या नावाने साधा अर्ज, एक पानाचा, त्यात तारीख, वेळ, किती माणसं, काय काम करणार, आणि "झाडांची तोड किंवा छाटणी करणार नाही" हे वाक्य आवर्जून. आवक-जावकच्या टेबलावर देऊन आपल्या झेरॉक्सवर शिक्का मारून घ्यायचा आणि तो कागद त्या दिवशी खिशात ठेवायचा, कारण मॉर्निंग वॉकवाले एखादे रिटायर्ड साहेब येऊन विचारतातच की कोणाला विचारून चाललंय. दिवाळीत करणार असाल तर अर्ज सुट्ट्या लागायच्या आधी द्या, नंतर टेबलावर कोणी भेटत नाही. काही बागा मनपाच्या असल्या तरी सांभाळायला दुसऱ्या कोणाकडे दिलेल्या असतात, तिथे त्यांच्या ऑफिसात विचारावं लागतं, हे पण माळीबाबाच सांगतात. छाटणीचं वाक्य का, तर राज्यात शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि उत्साहाच्या भरात एखादा जावई कोयता घेऊन आडव्या आलेल्या फांदीवर चढतोच. कोयता घरीच ठेवा.

जागा निवडताना मेहरूण तलाव किंवा बहिणाबाई उद्यान लगेच डोक्यात येतं, आणि मेहरूणच्या काठावर कचरा उचलायला खरंच हात लागतात. पण माझं मत विचाराल तर कॉलनीतली ओपन स्पेस घ्या. मोठ्या बागेत कोणी ना कोणी लक्ष देतं, या छोट्या बागांकडे उद्घाटनानंतर कुणी फिरकत नाही. धुळ्याचे, भुसावळचे, नंदुरबारचे असाल तर तुमच्याही गल्लीत अशी एक बाग असणारच, दोन घसरगुंड्या, एक मोडका झोका आणि मधोमध बंद कारंजं.

ट्रिपमध्ये कोणता दिवस? अजिंठ्याच्या दुसऱ्या दिवशी अजिबात नको, पायऱ्या चढून सगळ्यांच्या पोटऱ्या धरलेल्या असतात. शेवटचा दिवस पण नको, बॅगा भरायच्या असतात आणि अर्धी मंडळी स्टेशनच्या टेन्शनमध्ये. आम्ही पहिल्या दिवशी आराम, दुसऱ्या दिवशी सकाळी बाग, मग बाकीचं फिरणं असं करतो. एक लक्षात असू द्या की अजिंठा सोमवारी बंद असतं, त्यावरून बाकीचे दिवस बसवा. वेळ म्हणाल तर दिवाळीत सातला गेलं तरी चालतं, आखाजीला मात्र सहाच्या ठोक्याला बागेत आणि आठला बाहेर, काम राहिलं तरी राहू द्या. नऊनंतरचं ऊन काय असतं हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, पण पुण्यातले जावई ऐकत नाहीत. डोक्याला रुमाल किंवा गमछा, पाण्याची मोठी कॅन, ओआरएसची पाकिटं, आणि आमची आत्या सगळ्यांच्या खिशात एकेक कांदा टाकते. उपयोग होतो का माहीत नाही, पण आत्याला नाही म्हणायची आमच्यात कोणाची टाप नाही.

आळं कसं करायचं हे नीट सांगते कारण इथेच सगळे चुकतात. शहरातली पोरं खोडाला माती चढवून मस्त डोंगर करतात, त्याने पाणी बाहेर पळतं आणि खोड मातीत दबून सडतं. करायचं उलटं. खोडापासून हात-दीड हात लांब गोल रेघ मारायची, आतली वरवरची माती खुरप्याने बोटभर खोल मोकळी करायची (जास्त खोल नाही, वरची बारीक मुळं तुटतात), आणि थोडी माती बाहेरच्या बाजूला ओढून वीतभर उंच कड करायची. परातीसारखं दिसलं पाहिजे. भेगा पडल्या असतील तर त्यात भुसभुशीत माती भरायची. आपल्याकडे शेतकरी म्हणतात ना की कोळपणी म्हणजे अर्धं ओलीत, तेच आहे हे, वरचा थर मोकळा झाला की खालची ओल वर येऊन उडून जायची थांबते. मग आळ्यात सावकाश दोन बादल्या पाणी, ते मुरलं की वर चार बोटं जाडीचा सुका पाला, निंबाचा, बदामाचा, जो बागेत पडलेला असेल तो. फक्त खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, पाला खोडाला चिकटला की वाळवी लागते. दोन माणसांना एका झाडाला वीस मिनिटं लागतात, म्हणजे चार जोड्यांनी दोन तासांत वीसेक झाडं आरामात होतात. पाला जाळायचा मोह होतो, ढीग करून काडी लावली की झटपट स्वच्छ दिसतं, पण तोच पाला उन्हाळ्यात झाडाचं पांघरूण असतो.

पाल्याच्या जुन्या ढिगात किंवा दगडाखाली डायरेक्ट हात घालायचा नाही. आधी काठीने हलवायचं. विंचू आपल्याकडे काही नवीन नाही, आणि घोणस पाल्यात पडून असली तर शेजारी उभं राहिलं तरी दिसत नाही. पायात बूट, चप्पल नाही.

आता गाजरगवत. ते फुलावर यायच्या आत काढायचं, कारण एकेका झाडाला हजारो बिया होतात आणि फुलं आल्यावर उपटलं की आपणच त्या सगळीकडे पेरतो. त्यामुळे हे काम पावसाळ्यात सर्वात छान होतं, माती ओली असते आणि मुळासकट येतं. हातात ग्लोव्हज, तोंडाला रुमाल, पूर्ण बाह्या, आणि ज्याला दमा किंवा अंगावर पित्त उठायचा त्रास आहे त्याला या कामावर घ्यायचंच नाही. त्याच्या पानांवर पिवळट पांढरे, तपकिरी रेघांचे छोटे भुंगे दिसले तर मारू नका, ते मेक्सिकन भुंगे, मुद्दाम हे गवत खायला आपल्या देशात आणलेले. जिथे भुंगे भरपूर असतील तिथलं गवत राहू द्या, ते त्यांचं काम करतायत.

आणि ओळखून काढा हो. माझा मावसभाऊ, आयटीत आहे, एकदम जोशात एक अख्खा वाफा साफ करून उभा राहिला कमरेवर हात ठेवून. तेवढ्यात आबा धावत आले, "आरे भो, हाऊ झेंडू शे, गाजरगवत नही!" त्यांनी नुकतीच लावलेली रोपं होती, साठ-सत्तर तरी असतील. लहान असताना झेंडूचं पान आणि गाजरगवताचं पान दोन्ही कातरलेलं दिसतं, पण झेंडूचं पान चुरगाळलं की झेंडूचाच वास येतो आणि गाजरगवताचं पान जरा राखाडी, लवदार लागतं. रोपं पटापट परत लावली, पाणी घातलं, निम्मी जगली म्हणे. आता आम्ही काम सुरू करायच्या आधी आबांकडून एक नमुना उपटून घेतो, तो सगळ्यांनी हातात धरून बघायचा.

कामं वाटताना वयावर जाऊ नका. आमच्या आत्या आणि काकू शेतातल्या, त्यांच्या हातात खुरपं दिलं की गप्पा मारत मारत बसल्या बसल्या एक अख्खी ओळ निंदून पुढे जातात आणि जिमला जाणारा भाचा पहिल्याच आळ्यात फोड आलेला हात दाखवत बसतो. लहान पोरांना कचरा द्या पण काच आणि सुया सोडून, ते मोठ्यांनी चिमट्याने उचलायचं. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्याकडे पाणी, हजेरी आणि हत्यारांची मोजणी. हो, मोजणी. खुरपी गवतात हरवतात, आमची दोन गेली. दांड्याला लाल कापड बांधायला लागलो तेव्हापासून एकही गेलं नाही.

कचऱ्याचं शेवटपर्यंत बघा. पोती भरून गेटवर ठेवून निघून गेलो तर रात्रीत कुत्री फाडतात आणि सकाळी आधीपेक्षा घाण दिसतं. घंटागाडी किती वाजता येते ते आधी विचारा, ओला सुका वेगळा ठेवा, आणि गाडीत पोती चढेपर्यंत एक माणूस थांबवा. एका वर्षी आमच्याच नाश्त्याच्या प्लेटा, ग्लास आणि वेफर्सच्या पिशव्यांनी पाऊण पोतं भरलं होतं, लाज वाटली. आता स्टीलच्या डब्यात घरून पोहे नेतो.

आबांना पैसे देत नाही. एकदा पाकीट पुढे केलं तर ते ओशाळले. त्यापेक्षा निघायच्या आधी त्यांचा पाईप बघा. जिथे फुटलाय तिथे चिंधी बांधलेली असते आणि अर्धं पाणी वाटेतच जातं. फुटका तुकडा कापायचा, मध्ये जोड टाकायचा, दोन्ही बाजूंनी क्लिप आवळायच्या, दहा मिनिटांचं काम आहे आणि सामान हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. लांबी कमी पडत असेल तर वर्गणी काढून पाईपच घेऊन द्या. आणलेली खुरपी, ग्लोव्हज पण तिथेच ठेवून या.

केलेल्या आळ्यांचा एक फोटो मात्र नक्की काढा, सेल्फी नाही, झाडांचा, आणि फॅमिली ग्रुपवर टाका. मे महिन्यात जळगावात जे कोणी असेल त्याने आठवड्यातून एकदा चक्कर मारून यायची, आमच्यात धाकट्या काकांची नेमणूक आहे आणि ते कुरकुरत का होईना जातात.

हिवाळ्यात येणार असाल तर बागेनंतर दुपारी कोणाच्या तरी शेतात भरीत ठेवा. वांगी हिरवी, मोठी, बामणोदकडची मिळाली तर बघायलाच नको, आणि काड्यांवर भाजलेली, गॅसवर नाही. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. फक्त शेतवाल्याला आदल्या दिवशी आकडा सांगून ठेवा, काम करून आलेली माणसं दुप्पट जेवतात आणि गेल्या वेळी मला भाकरीच उरली नव्हती.