जुनं गोल पुसू नका, मी पुसलं होतं

कोर्सच्या पोर्टफोलिओत (म्हणजे आपल्या कामाची फाईल) 'लर्निंग गोल्स रिवाइज करा', म्हणजे काय शिकायचं ती उद्दिष्टं सुधारा, असं असतं ना, त्याचा अर्थ मी सरळ घेतला की जुनं खोडायचं आणि भारी काहीतरी लिहायचं. दर पंधरवड्याला तीच फाईल, त्याच ओळीवर नवी ओळ, सेव्ह. शेवटी गोल एकदम झकास झालं आणि व्हायवात पहिलाच प्रश्न, "सुरुवातीला काय लिहिलं होतंस?" दाखवायला काहीच नाही.

मग त्याहून मोठा गाढवपणा केला. आठवून आठवून जुनी व्हर्जन्स बनवली, मागच्या तारखा टाकून. मॅडमनी मिनिटात पकडलं, कारण पहिल्या आठवड्याच्या गोलमध्ये 'आउटलायर' (बाकीच्यांपासून फार लांब पडलेला आकडा) होता आणि तो शिकवला सहाव्या आठवड्यात! मार्क तर गेलेच.

खरं घडलं होतं ते साधं होतं. आधी 'डेटा अ‍ॅनालिसिस शिकणे', मग 'सरासरी काढून निष्कर्ष लिहिणे'. एक दिवस समोर १०, ११, १२, १३, ९४ असे आकडे आले, सरासरी २८, आणि २८ च्या जवळपास एकही आकडा नाही, मध्यक, म्हणजे ओळीतला मधला आकडा, १२. तेव्हा गोल झालं 'सरासरी कधी फसवते ते ओळखणे'. तपासणाऱ्याला हे मधलं 'एक दिवस' हवं असतं हो, आणि मी नेमकं तेच पुसलं.

म्हणून जुनी ओळ कितीही बावळट वाटली तरी तशीच ठेवा, खाली तारीख घालून नवी, आणि मध्ये दोन वाक्यं की कशामुळे बदललं.

नुसतं 'समजणे' काढून 'विश्लेषण करणे' टाकलं की विचार वाढला, असं होत नाही. शिक्षणतज्ज्ञ ब्लूमची शिकण्याच्या पायऱ्यांची १९५६ ची उतरंड २००१ मध्ये सुधारली तेव्हा नामांची क्रियापदं झालीच, पण वरच्या दोन पायऱ्यांची अदलाबदलही झाली, 'निर्मिती' सगळ्यात वर गेली. जुनी अजून छापील आहे म्हणून तर हे दिसतं. रेडीमेड टेम्पलेटवाल्यांचं मला पटत नाही, आणि प्रत्येक ड्राफ्टला 'छान' म्हणणारा मेंटॉर तर नकोच, "हे का बदललंस?" विचारून डोकं खाणारा धरा.

आधीच पुसलं असेल तर घाबरू नका. गूगल डॉक्समध्ये व्हर्जन हिस्टरी बघा, वहीच्या कडेला खरडलेलं, मित्राला पाठवलेले मेसेज शोधा. नाहीच सापडलं तर 'याआधीची नोंद ठेवली नाही' असं सरळ लिहा, मी पुढच्या सेमिस्टरला तेच लिहिलं आणि कुणी काही बोललं नाही.